गुणफलकावरचे पर्यावरण

कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या जगात गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक नवी टूम निघाली आहे. इंग्रजीत तिला गेमिफिकेशन म्हणतात. मराठीत खेळीकरण म्हणावे लागेल. शब्द ओबडधोबड आहे, पण वस्तूही काही फारशी सुबक नाही. कामाला खेळाचे रूप द्यायचे, प्रत्येक कृतीला गुण ठेवायचे, त्या गुणांची बेरीज भिंतीवरच्या पडद्यावर किंवा मोबाईलच्या ॲपमध्ये सर्वांना दिसेल अशी मांडायची आणि जो पुढे जाईल त्याला बिल्ला, कूपन किंवा मोठ्या साहेबांच्या हस्ते एखादे रोपटे द्यायचे, अशी ही रीत. विक्रीचे आकडे वाढवण्यासाठी ती आधी वापरात आली; आता तिला पर्यावरणरक्षणाच्या कामाला जुंपण्यात आले आहे. दिवा मालवला की गुण, घरून आणलेला कप वापरला की गुण, जिन्याने चढून आले की गुण, सायकलने आले की त्याहून अधिक गुण. महिनाअखेरीस कोणीतरी हरित योद्धा ठरतो आणि त्याचे छायाचित्र निघते.

या छायाचित्राला बाजारात किंमतही आली आहे. भांडवली बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांनी व्यवसायातील जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला पाहिजे, असे बंधन ‘सेबी’ने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून घातले आहे. बंधन योग्यच आहे. पण अहवाल भरायचा म्हटले की बॉयलरमधला कोळसा बदलण्यापेक्षा कर्मचाऱ्यांच्या स्पर्धेचे वर्णन करणे केव्हाही स्वस्त पडते.

या प्रकाराची थट्टा करणे सोपे आहे. उघडण्याजोगी एकही खिडकी नसलेली काचेची इमारत उभारायची, तिच्यात दिवसभर वातानुकूलन यंत्रे चालवायची आणि तिथे काम करणाऱ्या मुलीला जिना चढल्याबद्दल शाबासकी द्यायची, यातला विनोद कोणालाही कळेल. कचेऱ्या शहराबाहेर हिंजवडीसारख्या ठिकाणी न्यायच्या, तिथवर पुरेशा सार्वजनिक गाड्यांची सोय होण्याआधीच हजारोंना तिथे बोलवायचे आणि सायकलस्वाराला बिल्ला द्यायचा, हाही त्यातलाच प्रकार. परंतु थट्टेवर आपले भागणार नाही. अशी योजना मालकाने उद्या वाटाघाटींच्या मेजावर ठेवली तर काय उत्तर द्यायचे, असा प्रश्न कामगार आघाडीतले कार्यकर्ते विचारू लागले आहेत. ‘भांडवलदारांचे नवे ढोंग’ म्हणून तो बाजूला सारणे, किंवा ‘पर्यावरणाच्या कामाला विरोध कसा करायचा?’ म्हणून मुकाट सही करणे, ही दोन्ही उत्तरे आळशीपणाची आहेत.

योजनेच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. त्यासाठी सर्वांत भक्कम उदाहरण विमान कंपनीचे आहे. व्हर्जिन अटलांटिक या ब्रिटिश कंपनीत २०१४ च्या फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत अर्थशास्त्रज्ञांनी ३३५ कप्तानांवर एक प्रयोग केला. कप्तानांचे चार गट पाडण्यात आले. पहिल्याला एवढेच कळवले, की तुमच्या इंधनवापराचा अभ्यास चालू आहे. दुसऱ्याला दरमहा ज्याच्या त्याच्या कामगिरीचा अहवाल घरपोच मिळू लागला. तिसऱ्याला अहवालासोबत उद्दिष्ट ठरवून दिले. चौथ्याला असे सांगितले, की उद्दिष्ट गाठाल तर तुमच्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेला कंपनी दहा पौंड देईल. मोजायच्या गोष्टी तीनच होत्या: उड्डाणाआधी इंधन किती भरून घेतले, हवेत असताना ते किती काटकसरीने वापरले, आणि उतरल्यावर धावपट्टीवरून फलाटाकडे येताना एक इंजिन बंद ठेवले की नाही. आठ महिन्यांत हजारो टन इंधन वाचले. नुसत्या अहवालापेक्षा उद्दिष्टाचा परिणाम अधिक दिसला. धर्मादायाच्या पैशाने इंधनाच्या बचतीत विशेष भर पडली नाही, मात्र त्या गटातल्या कप्तानांचे कामातील समाधान वाढलेले आढळले. आपल्यावर लक्ष आहे एवढेच ज्यांना ठाऊक होते, त्या पहिल्या गटानेही सवयी सुधारल्या.

हा पुरावा खोटा नाही आणि तो नाकारण्याचे कारणही नाही. पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. विमानात किती इंधन घ्यायचे याचा अखेरचा निर्णय कप्तानाचा असतो. कायदा आणि परंपरा दोन्ही त्याला तो अधिकार देतात. हवामान वाईट दिसले तर तो जास्त इंधन मागतो आणि कंपनीचा कारकून त्याला अडवू शकत नाही. शिवाय या प्रयोगात कप्तानांची आपसांत जाहीर क्रमवारी लावलेली नव्हती. ज्याचा अहवाल त्याच्याच हाती पडत होता. म्हणजे ज्याच्या हाती निर्णय होता त्याला माहिती पुरवली, त्याचा मान राखला, आणि त्याने आपले कौशल्य वापरून बचत करून दाखवली. हे यश खेळाच्या खात्यावर जमा करायचे की अधिकाराच्या, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. (वाचलेल्या पैशातून कंपनीने पुढे काय केले, हा आणखी वेगळा प्रश्न. विमान कंपन्या इंधन वाचवतात ते अधिक उड्डाणे परवडावीत म्हणून. वातावरणाची कणव येऊन नव्हे.)

आता विमानातून उतरून आपल्या एस.टी.च्या गाडीत बसू. राज्य परिवहनाची पहिली गाडी १९४८ साली १ जून रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. तेव्हापासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांचे दळणवळण या गाड्यांनी वाहिले. डिझेल हा या महामंडळाच्या खर्चातला फार मोठा भाग. त्यामुळे लिटरमागे किती किलोमीटर, हा आकडा आगारात रोज निघतो, चालकाच्या नावावर मांडला जातो, आणि डिझेल वाचवणाऱ्या चालकांचा सत्कार करण्याची पद्धतही जुनी आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्थेने तर इंधनबचतीचे धडे देशभरच्या चालकांना दिले. आपल्या व्यवस्थापकांना जो खेळ आता अमेरिकेतून आल्यासारखा वाटतो, तो एस.टी.चा चालक कोणतेही ॲप नसताना कितीतरी वर्षे खेळतो आहे.

तेव्हा या खेळाचे खरे नियम त्याच्याकडूनच समजून घ्यावेत. डिझेल वाचते ते वेळच्या वेळी गिअर बदलल्याने, क्लचवर पाय ठेवून गाडी न हाकल्याने, पुढचा चढ आणि पुढचा थांबा ओळखून वेग राखल्याने, गाडी उभी असताना इंजिन बंद केल्याने. एवढे चालकाच्या हातात आहे आणि चांगला चालक ते करतोच. पण डिझेल जाते ते इंजेक्टर साफ नसल्यामुळेही, चाकांत हवा कमी असल्यामुळेही, वेळेवर न बदललेल्या फिल्टरमुळेही, खड्ड्यांमुळेही. गाडी किती जुनी द्यायची, कोणत्या मार्गावर धाडायची, कार्यशाळेत यांत्रिक किती ठेवायचे, सुटे भाग कधी मागवायचे आणि रस्ता कधी दुरुस्त करायचा, यांपैकी एकही गोष्ट चालकाला विचारून होत नाही. एकाला नवी गाडी आणि सोलापूरकडचा सपाट रस्ता मिळतो; दुसऱ्याला आयुष्य संपत आलेली गाडी आणि महाबळेश्वरहून उतरणारा आंबेनळीचा घाट. दोघांची नावे एकाच फलकावर लिहून वरचा कोण आणि खालचा कोण हे ठरवायचे, म्हणजे आगारप्रमुखाच्या, भांडारपालाच्या आणि मुंबईच्या मुख्यालयाच्या चुका चालकाच्या गुणपत्रिकेत उतरवायच्या. असा फलक लागला की चालक आपसांत चांगल्या गाडीसाठी भांडू लागतात, आणि घाटातली गाडी ज्याच्या नशिबी येते तो मनातून हिशोब सोडून देतो.

याहून मोठी बाब अशी, की भरलेली एस.टी. ही स्वतःच इंधनाची बचत आहे. चाळीस माणसे एका गाडीतून गेली तर तितक्या मोटारसायकली आणि जीपगाड्या रस्त्यावर येत नाहीत. गाडी भरते की रिकामी जाते, हे चालकाच्या गिअरवर अवलंबून नाही. ते भाड्यावर, फेऱ्यांच्या वेळांवर, मुक्कामी गाडी टिकवली की बंद केली यावर अवलंबून आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्य सरकारने महिलांना निम्म्या भाड्याची सवलत दिली. त्या सरकारशी आपले कितीही मतभेद असोत, गाड्यांमधली गर्दी त्या निर्णयाने वाढली हे प्रवास करणाऱ्या कोणालाही दिसले. एका शासकीय निर्णयाचे बळ ते हे. उलट बाजूही पाहा. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी. कामगारांचा संप चालला. अपुरा आणि अनियमित पगार, आणि महामंडळाचे शासनात विलीनीकरण, हे त्यांचे प्रश्न होते. काही कामगारांनी त्या काळात निराशेने जीव दिला. तेवढे महिने खेड्यातले प्रवासी वडापच्या जीपगाड्यांतून आणि स्वतःच्या दुचाकींवरून हिंडले. त्या धुराचे गुण कोणाच्या नावावर वजा करायचे? कामगाराला वेळेवर आणि पोटापुरता पगार देणे हेच मुळात एक पर्यावरणीय धोरण आहे, ही गोष्ट या खेळाच्या कोणत्याच फलकावर येत नाही.

आणि जे फलकावर येते ते कामगाराच्या जिवावर कसे उठू शकते, याचे दाखले हॉटेलांच्या धंद्यात मिळतात. अमेरिकेतील स्टारवुड या हॉटेल कंपनीने २००९ च्या सुमारास पाहुण्यांसाठी एक हरित योजना काढली. आज खोली साफ करू नका, चादरी-टॉवेल बदलू नका असे सांगणाऱ्या पाहुण्याला पाच डॉलरचे कूपन किंवा कंपनीच्या खात्यावर पाचशे गुण. पाणी वाचेल, वीज वाचेल, साबण वाचेल. कोणाला हरकत असणार? हरकत होती ती खोल्या साफ करणाऱ्या बायकांची, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. खोल्या कमी झाल्या म्हणून त्यांच्या पाळ्या कमी झाल्या, पाळ्या कमी झाल्या म्हणून पगार कमी झाला. शिवाय दोन-तीन दिवस न झाडलेली खोली साफ करायला दुप्पट कष्ट आणि अधिक जोराची रसायने लागतात. ठरलेल्या खोल्यांचा कोटा मात्र तोच. ही कंपनी २०१६ मध्ये मॅरियटने विकत घेतली, आणि २०१८ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील आठ शहरांत मॅरियटच्या हजारो कामगारांनी संप केला तेव्हा या हरित योजनेविरुद्धची तक्रार त्यांच्या गाऱ्हाण्यांत होती. गुण पाहुण्याच्या खात्यात गेले, बचत कंपनीच्या, आणि तूट झाडणाऱ्या बाईच्या.

त्याच देशात कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या हॉटेलांत, तळघरातल्या धुलाईखान्यात, प्रत्येक कामगाराचा वेग मोठ्या पडद्यावर नावानिशी दाखवण्याची पद्धत सुरू झाली. २०११ साली ती वर्तमानपत्रांतून गाजली. कामगारांनी त्या पडद्याचे नाव ठेवले होते ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’. नाव खाली घसरू नये म्हणून लघवीलाही न जाणाऱ्या बायका तिथे होत्या. पडद्यावर चादरी मोजायच्या की वाचवलेले पाणी, याने चाबकाच्या जातीत फरक पडत नाही.

इथे आपल्याही घरातली एक आठवण काढली पाहिजे. दुसऱ्याचे उणे काढताना ती लपवणे बरे नव्हे. कामाची स्पर्धा आणि विक्रमवीरांचा गौरव ही काही केवळ भांडवलशाहीची उपज नाही. १९३५ च्या ऑगस्टअखेरीस दोन्बास खोऱ्यातील खाणीत अलेक्सेई स्ताखानोव्हने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला. पाळीचा ठराविक कोटा सात टनांचा होता. लाकडी आधार ठोकणारे जोडीदार त्याच्या दिमतीला होते, ते पोस्टरवर आले नाहीत. देशभर स्ताखानोव्हवीरांची लाट उसळली, पदके वाटली गेली, आणि पुढच्याच वर्षी अनेक उद्योगांतले कोटे सर्वांसाठी वाढवण्यात आले. ज्यांनी लोकशाही समाजवादाचा मार्ग धरला त्यांनी हा इतिहास विसरू नये. आज ज्याला पारितोषिक आहे त्याचीच उद्या किमान अपेक्षा होते, हे आपल्या गिरण्यांतल्या आणि इंजिनिअरिंग कारखान्यांतल्या जुन्या कामगारांना वर्कलोडच्या भांडणांतून पुरेपूर कळलेले आहे. यंदा पंचवीस युनिट वीज वाचवणाऱ्याचा सत्कार झाला, तर पुढच्या करारात पंचवीस युनिटांची अट येणारच.

इथवर जे म्हटले ते अन्यायाविषयी झाले. पण या खेळात एक थेट धोकाही दडलेला आहे, आणि तो समजण्यासाठी भोपाळकडे वळावे लागते. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट थंड ठेवण्यासाठी एक शीतयंत्रणा होती. १९८४ च्या मध्यापासून ती बंद ठेवण्यात आली, कारण चालू ठेवायला खर्च येत होता. त्याच काटकसरीच्या ओघात त्या विभागातले मनुष्यबळ निम्म्यावर आणले होते. दुर्घटनेच्या रात्री वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता. १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीनने एका कामगाराचा बळी घेतल्यानंतर कामगार संघटनेने भित्तिपत्रके लावून धोक्याचा इशारा दिला होता. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या रात्री काय झाले ते सांगण्याची गरज नाही.

आता कल्पना करा, की त्या कारखान्यात त्या वर्षी विजेच्या बचतीचा गुणफलक लावलेला आहे. शीतयंत्रणा बंद केल्याबद्दल त्या विभागाला गुण मिळाले असते. ती चालू करा म्हणून धरणारा कामगार संघाचे गुण घालवणारा ठरला असता, आणि त्याला गप्प बसवायला मुकादमाची गरज पडली नसती. सोबत्यांनीच ते केले असते. बचत म्हणजे काय, कशाची, आणि कोणाच्या सुरक्षिततेच्या मोबदल्यात, हे ठरवण्याचा अधिकार एका बाजूकडे ठेवून दुसऱ्या बाजूला केवळ गुण मिळवण्याची मुभा दिली, की खेळ असा उलटतो. इचलकरंजीच्या किंवा तारापूरच्या प्रक्रिया कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाला सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा खरोखर चालते की तपासनीस येतो तेव्हाच चालते, हे जितके ठाऊक असते तितके प्रदूषण नियंत्रण मंडळालाही नसते. नळ बंद केल्याचे गुण देणारे ॲप त्याला हा प्रश्न कधी विचारणार नाही.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक उद्योगांत मालक आणि कामगार यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती असावी, आणि जिवाला वा आरोग्याला धोका दिसताच व्यवस्थापनाच्या लक्षात तो आणून देण्याचा कामगाराला हक्क असावा, अशी कलमे तीत आली. त्यांचा आपल्या संघटनांनी जितका उपयोग करून घ्यायला हवा होता तितका केला नाही, हे मान्य केले पाहिजे. तो कायदा आता नव्या श्रमसंहितांत विलीन झाला. २०२० मध्ये संसदेत संमत झालेल्या या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आल्या आहेत, आणि विजेवर चालणारा कारखाना म्हणून गणला जाण्यासाठी लागणारी कामगारांची संख्या त्यांनी दहावरून वीसवर नेली आहे. गल्लीबोळांतल्या अनेक रंगशाळा आणि रसायनांची छोटी युनिटे या एका आकड्याने कायद्याच्या नजरेबाहेर गेली.

राज्यघटनेचा दाखला तर याहून बोलका आहे. १९७६ ची ४२ वी घटनादुरुस्ती आणीबाणीत झाली. आपले नेते तेव्हा तुरुंगात होते, आणि त्या दुरुस्तीने नागरिकांच्या हक्कांवर जो घाला घातला त्याचा निषेध आपण आजही करतो. पण त्याच दुरुस्तीत तीन कलमे अशी होती, की जी १९७८ साली जनता पक्षाच्या राजवटीत झालेल्या ४४ व्या दुरुस्तीने बरीच साफसफाई केल्यावरही राहिली. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभाग मिळावा यासाठी राज्याने पावले उचलावीत, असे कलम ४३ क सांगते. पर्यावरणाचे रक्षण राज्याने करावे, असे ४८ क सांगते. आणि निसर्गाचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, असे ५१ क सांगते. एकाच दिवशी घटनेत आलेल्या या तीन गोष्टींपैकी खेळीकरणाने तिसरी तेवढी उचलली. नागरिकाचे कर्तव्य कामगाराच्या गळ्यात बिल्ला म्हणून अडकवले. राज्याच्या जबाबदारीचा आणि कामगाराच्या सहभागाचा विषयच नको. सहभागाचे विधेयक १९९० मध्ये राज्यसभेत मांडले गेले होते. त्याचा कायदा काही झाला नाही. ते पुन्हा मांडले जावे ही मागणी आपल्या ठरावांतून केव्हाच गळून पडली आहे.

कामगारांना निर्णयाचा अधिकार मिळाला, किंवा त्यांनी तो घेतला, तर ते पर्यावरणाचे काय करतात? याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. १९७१ साली सिडनीच्या हंटर्स हिल भागातले केलीज बुश नावाचे रान तोडून तिथे घरे बांधण्याचा बेत झाला. परिसरातल्या तेरा गृहिणींनी खटपट केली, सरकारदरबारी दाद मागितली, आणि शेवटी त्या न्यू साउथ वेल्सच्या बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे गेल्या. जॅक मंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या संघटनेने जाहीर केले, की त्या रानात आमचा एकही सभासद कुदळ मारणार नाही. हे रान आजही उभे आहे. पुढच्या तीन-चार वर्षांत अशा चाळीसहून अधिक बंदी त्या संघटनेने घातल्या आणि जुन्या वस्त्या, बागा, ऐतिहासिक इमारती वाचवल्या. ‘हरित बंदी’ हा शब्द त्यातून आला. ध्यानात घेण्याजोगे असे, की या मजुरांचे पोट बांधकामावरच होते. कोणी गुण देईल म्हणून त्यांनी काम नाकारले नाही. आपले श्रम कशासाठी वापरले जावेत हे ठरवण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी त्यांची धारणा होती. इंग्लंडमध्ये लुकास एरोस्पेसच्या कामगार प्रतिनिधींनी १९७६ साली याच्याही पुढे जाऊन शस्त्रास्त्रांच्या सुट्या भागांऐवजी काय बनवता येईल याची दीडशे वस्तूंची योजना आखली. पवनचक्क्या, उष्णता पंप, विजेवर आणि इंधनावर मिळून चालणारी वाहने तीत होती. व्यवस्थापनाने ती केराच्या टोपलीत टाकली. आज त्याच वस्तू हरित भांडवलाच्या नावाने विकल्या जात आहेत.

इतके दूर जायलाही नको. पुण्यात १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. शहरातला कचरा वेगळा करून पुन्हा वापरात आणण्याचे काम या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत होत्या, आणि शहर त्यांना चोर समजत होते. पंचायतीने त्यांच्यासाठी पारितोषिके मागितली नाहीत. महापालिकेच्या मान्यतेचे ओळखपत्र मागितले, आरोग्यविमा मागितला, आणि कचऱ्यावरचा हक्क मागितला. २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. आजही ठेकेदारांच्या गाड्या त्या हक्कावर टपून असतात, तेव्हा झगडा संपलेला नाही. परंतु पर्यावरणाचे काम आणि श्रमिकाची प्रतिष्ठा एकत्र कशी नांदते, हे पाहायचे असेल तर ते तिथे सकाळी सहा वाजता पाहता येते.

तर अशी योजना मेजावर आली म्हणजे आपण तिला नुसता नकार देऊ नये. आपला मसुदा पुढे करावा. मोजणी विभागाची किंवा आगाराची व्हावी, माणसाची नव्हे. कोणाचेही नाव फलकावर येता कामा नये. या नोंदी बदली, बढती, वेतनवाढ वा शिस्तभंगाच्या कारवाईत वापरता येणार नाहीत, हे करारात लेखी असावे. तोंडी आश्वासनाची किंमत आपल्याला माहीत आहे. वाचलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा कामगारांना मिळावा आणि एक हिस्सा यंत्रांच्या देखभालीलाच परत जावा. ज्या कामामुळे बचत होते ते काम करणाऱ्यांची संख्या कराराच्या मुदतीत घटवता येणार नाही, ही अट हॉटेलांच्या अनुभवावरून आपण शिकली पाहिजे. या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे कामगारांनी वाचवलेले पाणी जसे मोजले जाईल तसे कारखान्याने उपसलेले, वापरलेले आणि नदीत सोडलेले पाणीही त्याच कागदावर, त्याच महिन्यात, संघटनेच्या हाती आले पाहिजे. आणि धोका दिसल्यावर यंत्र थांबवणाऱ्या किंवा बाहेर वाच्यता करणाऱ्या कामगाराला संरक्षणाची हमी हवी. मालक या शेवटच्या दोन अटींवर अडून बसेल. बसू द्यावे, तो कशावर अडतो यावरून त्याच्या पर्यावरणप्रेमाची खोली सभासदांना आपोआप कळेल, आणि आपल्याला भाषण करावे लागणार नाही.

हा मसुदा सर्वांत आधी एस.टी.च्या आगारांत न्यावा असे मला वाटते. तिथे लिटरचा हिशोब रोज होतो, चालक आणि यांत्रिक एकाच आवारात भेटतात, आणि मालक म्हणजे शासन असल्याने जाब विधानसभेतही विचारता येतो. विजेवर चालणारी ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुण्याहून नगरला धावली. तशा गाड्या किती, कोणाच्या मालकीच्या, आणि त्या चालवणारा कामगार महामंडळाचा की ठेकेदाराचा, हे प्रश्नही तिथेच निघतील. पहिल्या सभेत दोन नोंदवह्या शेजारी ठेवून मोठ्याने वाचाव्यात: एक चालकांच्या डिझेलची, आणि दुसरी सुट्या भागांवाचून कार्यशाळेत उभ्या असलेल्या गाड्यांची.